फणसाचे लाकूड

विद्यार्थ्याच्या हाती सर्वांत आधी जे घडीव लाकूड येते, ते शिसपेन्सिलीचे. अक्षर वळणदार व्हावे म्हणून आपण तिचे टोक जपतो, तासलेला भुगा फुंकून टाकतो. परंतु बोटांत धरलेले लाकूड कोणत्या झाडाचे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वर्गात आम्ही तो अधूनमधून विचारतो. उत्तरे मोठी मौजेची येतात. कोणी सागवान म्हणते, कोणी आंबा म्हणते; एकाने तर ‘दुकानाचे’ असे अगदी गंभीरपणे सांगितले होते. त्या उत्तराला आम्ही हसलो नाही. ज्या घरात दार, पलंग, कपाट सारेच तयार होऊन टेम्पोतून येते, त्या घरातील मुलाने लाकडाचे मूळ दुकानात शोधावे, यात त्याचा दोष तो काय?

एके काळी उत्तम पेन्सिल ज्या लाकडाची होत असे, ते ज्यूनिपर नावाच्या झाडाचे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात हा वृक्ष वाढतो. व्यापारात त्याला ‘तांबडा सीडार’ असे नाव पडले. वस्तुतः तो सीडार, म्हणजे आपल्या देवदाराच्या कुळीचा, नव्हेच. त्याचे लाकूड मऊ, सरळ रेषांचे, तांबूस आणि सुवासिक. चाकू लावला तर कुसळे न निघता ते लोण्यासारखे तासले जाते, म्हणूनच पेन्सिल करणाऱ्यांनी त्यास पहिली पसंती दिली. त्याच्या वासाला कपड्यांची कसर दूर राहते असा समज असल्याने उंची वस्त्रांच्या पेट्या त्याच्या करीत. आणि जमिनीत पुरले तरी ते लवकर कुजत नाही, म्हणून शेतकरी कुंपणाचे खांबही त्याचेच घालीत. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठी झाडे दुर्मीळ होऊ लागली आणि पेन्सिलवाले दुसऱ्या लाकडांकडे वळले. आपल्या देशातील पेन्सिली आज बहुतांशी पॉप्लरच्या असतात आणि त्यांच्या पट्ट्यांचा मोठा पुरवठा काश्मिरातील पुलवामा जिल्ह्यातून होतो.

ज्यूनिपर भारताला अगदीच परका आहे असे मात्र नाही. लाहौल आणि लडाखच्या कोरड्या, थंड डोंगरउतारांवर त्याच्या जाती आढळतात. तेथील बौद्ध गोंपांत आणि घराघरांत त्याच्या पानांचा धूप जाळतात. आयुर्वेदातील ‘हपुषा’ हे औषध म्हणजे ज्यूनिपरचीच फळे होत. पाकिस्तानच्या बलुचिस्तान प्रांतात झियारत येथे या वृक्षांचे एक अतिशय जुने अरण्य असून २०१३ साली युनेस्कोने त्यास संरक्षित जीवावरणक्षेत्रांच्या यादीत स्थान दिले.

आता असा प्रश्न उद्भवतो की, एक लाकूड पावसात, मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि दुसरे एका पावसाळ्यात भुगा होते, हे कशामुळे? याचे उत्तर झाडाच्या वयात आहे. खोडाचा बाहेरचा भाग जिवंत असतो. त्यातून मुळांनी शोषलेले पाणी वर चढते. शास्त्रकार त्यास रसकाष्ठ म्हणतात. झाड वाढत जाते तसा आतील भाग पाणी वाहण्याच्या कामातून मोकळा होतो, त्यातील पेशी मरतात. परंतु मरण्यापूर्वी त्या आपल्या पोटात तेले, रंगद्रव्ये आणि कडवट रसायने साठवून ठेवतात. हेच मध्यकाष्ठ, म्हणजे सुतारांच्या भाषेतील गाभा. बुरशीला आणि वाळवीला हा साठा मानवत नाही. म्हणजे झाडाचा जो भाग जिवंत तो नाशवंत, आणि जो भाग मेलेला तोच टिकाऊ, असा हा उलटा न्याय आहे. कोवळ्या झाडात गाभा थोडा असतो. तो वाढायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते.

हळर्णच्या तांबड्या मातीत आणि येथील धुवांधार पावसात ज्यूनिपर रुजावयाचा नाही. परंतु ज्यूनिपरने त्या थंड प्रदेशांतील माणसांसाठी जे केले, ते सारे, किंबहुना त्याहून अधिक, आमच्यासाठी करणारा एक वृक्ष आमच्या प्रत्येक परसात उभा आहे. तो फणस.

आमचे गाव शापोरा नदीच्या काठी वसलेले. सावंतवाडीच्या भोसल्यांचा किल्ला येथे नदीकडे तोंड करून आहे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो जिंकला, आणि त्या विजयापायी पुढे त्याला ‘अलोर्नाचा मार्क्विस’ ही पदवी मिळाली. अशा रीतीने हळर्णचे नाव लिस्बनच्या दरबारात पोचले. गावातील माणसे मात्र आपली श्रीमंती पदव्यांत मोजत नव्हती. कोणाच्या परसात किती माड, किती फणस, किती आंबे, यावरून घराची पत ठरे. मुलगी देताना वडीलधारी माणसे आधी घरामागे चक्कर मारून येत, असे आम्ही लहानपणी ऐकत आलो.

फणसाची ख्याती परदेशी प्रवाशांनीही वर्णिली आहे. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने खोडालाच लगडणाऱ्या या फळाचे मोठे कौतुक केले. जमिनीजवळ लागणाऱ्या फळांना त्याने ‘बरकी’ म्हटले आहे आणि ती अधिक गोड असतात असे लिहिले आहे. आमचा ‘बरका’ शब्द ज्यांच्या कानांवर आहे, त्यांना हे नाव वाचून गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. पुढे १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्यानेही फणसाला स्थान दिले. फळाची स्तुती अशी सर्वांनी केली. लाकडाची स्तुती करावयास मात्र त्या झाडाखाली पिढ्यान् पिढ्या राहावे लागते.

आमच्या घरामागील फणस आमच्या आजोबांनी लावलेला होता. जात रसाळ, म्हणजे बरकी. वैशाखात त्याचा गोड वास ओसरीपर्यंत येई. कोवळ्या फळांची भाजी, पिकल्या गऱ्यांची साठे, पावसाळ्यात आठळ्या, आणि चारखंड गाईला; त्या झाडाचे काही वाया जात नसे. खोड इतके जाड की दोघांच्या कवेत मावत नव्हते. साहजिकच लाकडाचे व्यापारी दर दोन-चार वर्षांनी येत, खोडावर थाप मारून पाहत आणि किंमत बोलत. आमच्या वडिलांचे उत्तर ठरलेले असे. “उभा आहे तोवर तो आमच्या हिशेबात फळ आहे. आडवा झाला की लाकूड म्हणून बोलू.” व्यापारी हसून चहा घेत आणि जात.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून गेले. त्या दिवशी पेडणे तालुक्यात किती झाडे उन्मळली याची गणती आम्ही काय करावी! आमच्या फणसाच्या दोन थोरल्या फांद्या मोडून मागच्या पडवीवर कोसळल्या. कौले, रिपा, वासे यांचा चुराडा झाला. त्याहून वाईट म्हणजे खोड घराच्या बाजूस कलले आणि एका अंगाची मुळे मातीबाहेर आली. पुढच्या वाऱ्याला ते घरावरच पडणार हे सांगावयास कोणी जाणकार नको होता. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. वडिलांनी रीतसर अर्ज केला, पाहणी झाली, परवानगी आली. जे झाड साठ पावसाळे उभे होते, ते दोन दिवसांत आडवे झाले.

तिसऱ्या दिवशी व्यापारी दारात हजर. त्याने बोललेली रक्कम लहान नव्हती. त्या पैशांत मागची पडवी नव्याने उभी राहिली असती. महामारीचे ते दिवस. टाळेबंदीत आमच्या धाकट्या भावाचे काम सुटले होते, आणि पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. वडील म्हणाले, “शब्दाप्रमाणे आता हे लाकूड आहे. देऊन टाकू.” त्यांचे म्हणणे खोडून काढावे असे त्यात काहीच नव्हते.

आई मात्र गप्प होती. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती म्हणाली, “छप्पर पैशांनी येईल. ह्या फणसाचे दार पैशांनी यायचे नाही.” घराचे पुढचे दार वाळवीने पोखरले होते आणि दोन वर्षे आम्ही त्यास ठिगळे लावीत होतो, हे खरे, परंतु आईच्या मनात केवळ दार नव्हते, हे आम्हां सर्वांस कळत होते. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिले पान तिने त्याच झाडाखाली वाढले होते.

निर्णय लागला तो मेस्त्रींच्या तोंडून. आमच्या घरची तीन पिढ्यांची लाकूडकामे त्यांच्याच घराण्याने केलेली. ते आले, करवतीने कापलेल्या बुंध्याचे तोंड ओल्या फडक्याने पुसले आणि आम्हांला जवळ बोलावून म्हणाले, “मास्तर, हे पाहा.” मधोमध हळदीसारखा पिवळाधमक गाभा होता आणि भोवती चार बोटे रुंद फिकट कडे. “पिवळे ते सोने, पांढरे ते किड्याचे जेवण. बुंध्याचा आठ फुटांचा ओंडका ठेवा. त्यात दार, चौकट आणि पाट होतील. वरचे सारे विका.”

व्यापाऱ्याला अर्थातच बुंधाच हवा होता. तो वगळल्यावर किंमत निम्म्याहूनही खाली आली. तरीही तसेच करावयाचे ठरले, आणि आश्चर्य असे की, शेवटचा होकार वडिलांनीच दिला. त्या पावसाळ्यात पडवीवर कौलांऐवजी निळी ताडपत्री होती. रात्री तिच्यावर पावसाचा असा काही आवाज होई की, घरात कोणी कोणाशी बोलू शकत नसे. पैशांचा विषय निघाला की सारे त्या ताडपत्रीकडे पाहत. लाकूड ठेवण्याची किंमत आम्ही अशी रोज ऐकत होतो.

ओंडका दिवाळीपर्यंत शेताच्या तळीत बुडवून ठेवला होता. ही आमच्याकडची जुनी रीत. पाण्यात लाकडातील गोड रस विरघळून जातो आणि मग किडीला त्यात खाण्यासारखे थोडेच उरते. तदनंतर तो चिरला, फळ्या एकावर एक, मध्ये बारीक पट्ट्या घालून, सावलीत रचल्या आणि वर्षभर तशाच ठेवल्या. उन्हात घाईने वाळविलेले लाकूड पिळवटते व तडकते. वाळलेल्या फणसाचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या सुमारे सहा दशांश भरते; म्हणजे दार पेलण्यास हलके, आणि तरीही भक्कम.

गाभ्याविषयी वर जे शास्त्र सांगितले, त्याचा पुरावा आम्हांला गोठ्याजवळ मिळाला. बाहेरच्या फिकट भागाचे काही तुकडे तेथे टाकलेले होते. एकाच पावसाळ्यात ते किडीने पोखरले, हाताने दाबताच पिठासारखे झाले. त्यांतल्याच एका तुकड्याला दोन बोटांचा पिवळा गाभा चिकटलेला होता. कीड त्याच्या सीमेपर्यंत आली होती आणि जणू कोणी रेघ ओढावी तशी तेथे थांबली होती. तो तुकडा आम्ही वर्गात नेला. पुस्तकातील दोन पानांचे काम त्या एका तुकड्याने केले.

२०२३ च्या आरंभी मेस्त्रींनी काम हाती घेतले. फणसाचे लाकूड कारागिराला सहजी वश होत नाही. त्याच्या रेषा पेन्सिलीच्या लाकडासारख्या सरळ नसतात. एक थर एका दिशेस तर दुसरा उलट्या दिशेस झुकलेला असतो. रंधा एका हाताला गुळगुळीत चालतो आणि पुढच्याच हाताला तंतू उचकटतो. मेस्त्री दर थोड्या वेळाने पाते घासून पाजळीत आणि लाकडाला उजेडात तिरपे धरून रेघ पाहत. परंतु ज्या उलटसुलट रेषा त्यांना त्रास देत होत्या, त्यांनीच पुढे दाराला उजेड पडताच हलणारी रेशमी झाक दिली.

भुग्याचा उपयोग आईने केला. मूठभर भुसा पाण्यात उकळून, त्यात तुरटी टाकून तिने एक जुने धोतर बुडविले. ते सुंदर पिवळे निघाले. फणसाच्या गाभ्यात मोरीन नावाचे रंगद्रव्य असते आणि तुरटीने ते धाग्याला घट्ट धरते. म्यानमार, श्रीलंका या देशांत बौद्ध भिक्षूंची चीवरे याच रंगात रंगविण्याची परंपरा आहे. सर्वसंगपरित्याग केलेल्या भिक्षूचे वस्त्र आणि आमच्या परसातील भुसा यांचे हे नाते पाहून मन काही वेळ स्तब्ध झाले.

या लाकडाचा आणखी एक गुण कानांनी जाणण्याचा आहे. तंजावरची सरस्वती वीणा फणसाच्या लाकडात कोरतात. दक्षिणेतील मृदंग, खंजिरीचे कडे, केरळातील देवळांपुढे वाजणारी चेंडा ही सारी फणसाची. बालीमधील ढोलांसाठीही हेच लाकूड वापरतात. कोरण्यास जमेल इतके मऊ, ताणलेले कातडे पेलेल इतके चिवट आणि एकदा नीट वाळले की आकार न सोडणारे, असे लाकूड वाद्य घडविणाऱ्यास हवे असते. चंदन सुगंधासाठी, सागवान बळासाठी आणि फणस नादासाठी, अशी वाटणी कोणी केली तर आमची हरकत नाही. मात्र फणस तेवढ्यावर थांबत नाही. देव्हारा त्याचा, पोळपाट त्याचा, आणि मुंजीत बटूला, लग्नात वधूवरांना बसावयास दिला जाणारा पाटही कोकणात आणि गोव्यात पुष्कळदा त्याचाच.

आमचे दार आणि सहा पाट तयार झाले तेव्हा ते इतके पिवळे होते की, पाहुणे रंग दिला आहे असे समजत. रंग आम्ही दिला नाही. हवा आणि उजेड लागून फणसाचे लाकूड हळूहळू काळवंडते. पिवळ्याचे मधासारखे, मधाचे तांबूस तपकिरी होते. दोन वर्षांनी दाराच्या आतल्या बाजूस टांगलेली दिनदर्शिका काढली, तर तिच्यामागे एक चौकोन अजून पिवळा होता. बाकीचे दार पुढे गेले होते, तेवढा तुकडा मागे राहिला होता. वडिलांनी त्या चौकोनावर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. नवी दिनदर्शिका त्यांनी दुसरीकडे लावावयास सांगितली. पडवीवर कौले त्याआधीच्या उन्हाळ्यात चढली होती. भावाला काम मिळाले होते. व्यवहार पाहिला तर आम्ही तोटा सोसला, हे वडील अजून म्हणतात. परंतु ते वाक्य ते त्याच दाराशी पाट टाकून, त्यावर बसून म्हणतात.

आता जुन्या खोडाच्या जागी फणसाचे एक रोप आहे. आठळी वाळली की तिची उगवण्याची शक्ती जाते, म्हणून ती फळातून काढताच लावावी लागते. आईने ती २०२२ च्या जूनमध्ये शेजारच्या फणसाची आणून लावली. नीट जगले तर काही वर्षांत त्यास फळ धरेल आणि आई ते खाईल अशी आम्हांला आशा आहे. गाभा मात्र तेवढ्यात होणार नाही. त्या झाडाचे दार करावयाची वेळ येईल, तेव्हा आमच्यापैकी कोणी असणार नाही. ज्यांनी आमचा फणस लावला, त्या आजोबांनीही त्याचे दार पाहिले नव्हतेच.

वाचकांना, विशेषतः आमच्या विद्यार्थ्यांना, एवढीच विनंती करावीशी वाटते. घरी गेल्यावर आजीला किंवा आजोबांना विचारा: आपले दार कोणत्या लाकडाचे? पाट कोणत्या लाकडाचा? ते झाड कोठे उभे होते, कोणी लावले होते? उत्तर मिळाले तर वहीत लिहून ठेवा. उत्तर ‘दुकानाचे’ असे आले, तरी निराश होऊ नका. येत्या ज्येष्ठात फणस खाल्ल्यावर एक ताजी आठळी परसात, रस्त्याच्या कडेला किंवा शाळेच्या आवारात पुरा, आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत तिला पाणी घाला. पुढचे काम ती स्वतः करील.